युरोपचा गॅसबाजार : नाका कोणाच्या हाती?

भट्टीवर ज्याचे पोट आहे त्याला इंधनाचे महत्त्व सांगावे लागत नाही. काच असो, पाव असो, भांडी असोत की बांगड्या, मालाच्या किमतीत इंधनाचा हिस्सा किती हे कारागिराला तोंडपाठ असते. लाकूड महागले, कोळसा महागला, गॅस महागला की त्याचा हिशेब त्याच रात्री बिघडतो. तरीही हे इंधन आपल्या दारापर्यंत कोणत्या वाटेने येते, वाटेत कोणाकोणाचे नाके आहेत आणि त्याचा दर कोण ठरवतो, याची चौकशी आपण क्वचितच करतो. म्हणूनच या अंकात आम्ही युरोपच्या गॅसबाजाराची कथा सांगणार आहोत. ती दूरची वाटेल, पण शेवटी ती आपल्याच गल्लीतल्या भट्टीपाशी येऊन थांबते.

सुरुवात एका बेटापासून करू. इटलीत व्हेनिस शहराजवळ मुरानो नावाचे बेट आहे. शहराला आगीचा धोका नको म्हणून १२९१ साली व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या. तेव्हापासून मुरानोची काच जगभर प्रसिद्ध आहे. आज तिथल्या भट्ट्या नैसर्गिक वायूवर चालतात आणि त्या रात्रंदिवस पेटत्या ठेवाव्या लागतात. भट्टी थंड झाली तर काच वितळवण्याची मूस तडकते आणि पुन्हा पेटवण्याचा खर्च वेगळा. या कारागिरांनी एकत्र येऊन गॅसखरेदीचा ठरावीक दराचा करार केलेला होता. तो २०२१च्या सप्टेंबरअखेर संपला. ऑक्टोबर उजाडला तेव्हा बाजारात गॅसचा दर जवळजवळ पाचपट झालेला होता. हातात नाताळच्या मागणीचा माल, दारात गिऱ्हाईक, आणि तरीही अनेकांनी भट्ट्या विझवल्या. शतकानुशतके टिकलेला धंदा एका बिलापुढे हतबल झाला.

प्रश्न असा की युरोपने तर गॅसचा बाजार खुला केला होता. मक्तेदारी मोडली होती. स्पर्धा आली की दर उतरतात असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. मग मुरानोच्या कारागिरावर ही वेळ का आली?

मक्ता कसा जन्मला?

१९५९ साली हॉलंडमध्ये ग्रोनिंगेन प्रांतातील स्लोख्तेरेन या गावाजवळ नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. त्या काळी युरोपात घरे तापवण्यासाठी कोळसा आणि तेल वापरले जाई. नव्या मालाची किंमत काय ठेवावी? डच सरकारने १९६२ साली धोरण ठरवले की वायू काढायला किती खर्च येतो हे पाहायचे नाही, गिऱ्हाईक ज्या इंधनाऐवजी तो वापरणार त्या इंधनाच्या दराशी वायूचा दर बांधायचा. म्हणजे तेल महागले की वायूही महाग. ही पद्धत पुढे युरोपभर रूढ झाली आणि चाळीसएक वर्षे चालली.

पाईपलाईन टाकायला अफाट पैसा लागतो. म्हणून विकणाऱ्याने वीस-पंचवीस वर्षांचे करार मागितले. माल उचला अगर न उचला, ठरलेल्या प्रमाणाचे पैसे भरायचे, ही त्यातली पहिली अट. घेतलेला माल दुसऱ्या देशात विकायचा नाही, ही दुसरी. सोव्हिएत रशियाचा वायू १९६८ साली ऑस्ट्रियात आणि १९७३ साली पश्चिम जर्मनीत पोहोचला. अल्जीरियाने १९६४ सालीच द्रवरूप वायू जहाजाने ब्रिटनला धाडला होता. पुढे १९८३ साली ट्युनिशियामार्गे समुद्राखालून इटलीपर्यंत त्याची पाईपलाईन गेली. माल अनेक देशांतून येत होता, पण प्रत्येक देशात तो घेणारी आणि विकणारी बहुधा एकच मोठी कंपनी असे. फ्रान्समध्ये गाझ द फ्रान्स, इटलीत एनी, जर्मनीत प्रामुख्याने रुरगास. वायूही तिचा, वाहिनीही तिची, कोठारही तिचे.

आपल्या भाषेत सांगायचे तर गावात यायला एकच रस्ता, त्या रस्त्यावरचा जकात नाका एका व्यापाऱ्याच्या मालकीचा, आणि त्याच व्यापाऱ्याचे गावात दुकान. दुसरा कोणी स्वस्त माल घेऊन आला तर तो त्याला नाक्यावरच अडवणार. मग गावाने कितीही म्हटले की आमचा बाजार सर्वांना खुला आहे, त्याचा उपयोग काय?

ब्रिटनचा अनुभव

बाजार खुला करण्याचा पहिला मोठा प्रयत्न ब्रिटनने केला. १९८६ साली ब्रिटिश गॅस ही सरकारी कंपनी विकली गेली. लाखो सामान्य लोकांनी तिचे शेअर घेतले. मोठ्या कारखान्यांना दुसऱ्या विक्रेत्याकडून वायू घेण्याची मुभाही कायद्याने दिली. पण पहिली काही वर्षे प्रत्यक्षात फारसे काही घडले नाही, कारण वाहिनी ब्रिटिश गॅसच्याच ताब्यात होती. सरकारी मक्तेदारी गेली आणि तिच्या जागी खासगी मक्तेदारी येऊन बसली, एवढाच फरक. १९८८ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने चौकशी करून ठपका ठेवला की ही कंपनी गिऱ्हाइकागणिक वेगळा भाव लावते. दरपत्रक जाहीर करायला लावले तेव्हा कुठे प्रतिस्पर्ध्यांना भाव कळू लागला.

पुढची पावले एकामागून एक पडत गेली. १९९२ साली मध्यम व लहान उद्योगांनाही विक्रेता निवडण्याचा हक्क मिळाला. १९९६ साली नैऋत्य इंग्लंडमधील घरांमध्ये प्रयोग झाला आणि १९९८च्या मे महिन्यापर्यंत साऱ्या ब्रिटनमधील घरांना तो हक्क मिळाला. दरम्यान १९९७ साली ब्रिटिश गॅसचेच दोन तुकडे झाले होते. वाहिनी एका कंपनीकडे गेली, किरकोळ विक्री दुसरीकडे. नाका आणि दुकान वेगळे झाले आणि मगच खरी स्पर्धा दिसू लागली.

१९९८च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या बॅक्टनपासून बेल्जियमच्या झेब्रुगपर्यंत समुद्राखालची वाहिनी सुरू झाली. ब्रिटनच्या खुल्या बाजारातला भाव आता खंडावरच्या बंद बाजाराला जाऊन भिडला.

ब्रुसेल्सचे तीन कायदे

युरोपीय संघाने पहिला कायदा १९९८च्या जूनमध्ये केला. त्यात प्रत्येक देशाने सुरुवातीला आपल्या गॅसबाजाराचा किमान २० टक्के हिस्सा खुला करावा, पाच वर्षांनी २८ टक्के आणि दहा वर्षांनी ३३ टक्के, असे ठरले. पण विक्रेता निवडण्याचा हक्क कोणाला? वीजनिर्मिती केंद्रांना, आणि वर्षाला अडीच कोटी घनमीटरपेक्षा जास्त वायू जाळणाऱ्या गिऱ्हाइकांना. काचेच्या भट्टीवाल्याला, बेकरीवाल्याला त्यात जागाच नव्हती. फ्रान्ससारख्या देशाने तर मुदत उलटून गेल्यावर, २००३ साली, त्यासाठी आपला कायदा केला.

दुसरा कायदा २००३चा. त्याने १ जुलै २००४पासून सर्व उद्योग-व्यवसायांना आणि १ जुलै २००७पासून सर्व घरांना विक्रेता निवडण्याची मुभा दिली. कागदावर बाजार शंभर टक्के खुला झाला. पण युरोपीय आयोगाने २००५ ते २००७ या काळात या क्षेत्राची चौकशी केली तेव्हा जुनेच दुखणे बाहेर आले. वाहिन्यांतली जागा वर्षानुवर्षे आधीच राखून ठेवलेली, कोठारे जुन्या कंपन्यांच्या हाती आणि नव्या माणसाला आत शिरायला वाट नाही.

म्हणून तिसरा कायदा २००९ साली आला. त्याचा गाभा एका वाक्याचा आहे: जो वायू काढतो किंवा विकतो, त्याच्या मुठीत वाहिनी राहता कामा नये. वाहिनीची मालकी पूर्ण वेगळी करा, नाहीतर तिचा कारभार स्वतंत्र संस्थेकडे द्या, अगदी नाही जमले तर कडक देखरेखीखाली वेगळी कंपनी चालवा, असे तीन मार्ग देशांना दिले गेले. सर्व देशांच्या नियामकांचा मेळ घालण्यासाठी स्लोव्हेनियात ल्युब्लियाना येथे एक युरोपीय संस्थाही उभी राहिली.

मक्तेदार सुखासुखी हटत नाही

एवढे कायदे करूनही मक्तेदार आपल्या जागेवरून सहज हलले असे नाही. जर्मनीची रुरगास आणि फ्रान्सची गाझ द फ्रान्स या कंपन्यांनी १९७५ साली मिळून मेगाल नावाची वाहिनी बांधायचे ठरवले. तेव्हाच त्यांनी आपसात पत्रे लिहून ठरवले की या वाहिनीतून आलेला वायू तू माझ्या देशात विकायचा नाही, मी तुझ्या देशात विकणार नाही. बाजार कायद्याने खुला झाल्यावरही हा जुना समझोता चालूच राहिला. २००९च्या जुलैमध्ये युरोपीय आयोगाने या दोन घराण्यांना प्रत्येकी ५५ कोटी ३० लाख युरो दंड ठोठावला. पुढे न्यायालयाने तो प्रत्येकी ३२ कोटींवर आणला, पण समझोता बेकायदा होता हे कायम राहिले. त्याच वर्षी आरडब्ल्यूई या जर्मन कंपनीने, प्रतिस्पर्ध्यांना वाहिनीत शिरू देत नसल्याच्या आरोपावरून चाललेले प्रकरण मिटवण्यासाठी, आपले वाहिनीजाळे विकण्याचे मान्य केले. इटलीच्या एनीनेही २०१० साली परदेशातून वायू आणणाऱ्या वाहिन्यांतील हिस्से सोडण्याची हमी दिली.

रशियाची गाझप्रॉम ही तेव्हाची सर्वांत मोठी विक्रेती. तिच्यावर २०१२ साली चौकशी सुरू झाली. पोलंड, बल्गेरिया, लिथुआनिया अशा आठ देशांना घेतलेला माल पुढे विकू न देणे आणि काही देशांकडून अवाजवी दर घेणे, हे आरोप होते. २०१८ साली तिने माल पुढे विकण्यावरची बंधने काढण्याची लेखी हमी दिली. दंड मात्र झाला नाही.

या साऱ्या खटपटीतून काय मिळाले? मिळाले हे नाकारता येणार नाही. हॉलंडमध्ये २००३ साली टीटीएफ नावाची कागदी बाजारपेठ सुरू झाली. तिथे वायू कोणत्या वाहिनीत आहे हे न पाहता त्याचे सौदे होऊ लागले. २००८च्या मंदीनंतर मागणी घटली, जहाजांनी द्रवरूप वायू जास्त येऊ लागला आणि या बाजारातला दर तेलाशी बांधलेल्या करारांपेक्षा खाली गेला. तेव्हा मोठ्या खरेदीदारांनी जुने करार पुन्हा उघडायला लावले. तेलाची दोरी हळूहळू तुटली. लिथुआनियाचे उदाहरण तर बोलके आहे. हा चिमुकला देश वायूसाठी संपूर्णपणे रशियावर अवलंबून होता. २०१४ साली त्याने क्लायपेडा बंदरात द्रवरूप वायू उतरवून घेणारे तरंगते जहाज आणले. ते जहाज बंदराला लागण्यापूर्वीच रशियन कंपनीने दर उतरवला. दुसऱ्या दुकानाचे नुसते शटर उघडण्याचा आवाज आला तरी पहिला दुकानदार भाव कमी करतो, हे कोणत्याही व्यापाऱ्याला पटेल.

मग २०२१ साली काय झाले?

तेलाची दोरी तुटली खरी, पण तिच्या जागी रोजच्या बाजारभावाची दोरी आली. बाजारात माल मुबलक तोवर ही दोरी गिऱ्हाइकाच्या फायद्याची. माल तुटला की तीच गळ्याभोवती आवळते.

२०२१ साली युरोपीय संघाच्या आयात वायूपैकी सुमारे ४५ टक्के एकट्या रशियाचा होता. जर्मनीतील सर्वांत मोठे भूमिगत कोठार रेडेन येथे आहे. ते काही वर्षांपूर्वी गाझप्रॉमच्या ताब्यात गेले होते आणि २०२१च्या हिवाळ्याच्या तोंडावर ते जवळजवळ रिकामे होते. कोठार किमान किती भरलेले असावे असा नियमच तेव्हा जर्मनीत नव्हता. वाहिनीच्या नाक्यावर इतके कायदे करणाऱ्या युरोपने कोठाराच्या कुलपाची किल्ली विक्रेत्याच्या खिशात राहू दिली होती. २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पुरवठा टप्प्याटप्प्याने घटला. सप्टेंबरमध्ये बाल्टिक समुद्रातील नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या स्फोटांनी फुटल्या. २०२१च्या सुरुवातीला टीटीएफवर एका मेगावॅट-तासाला वीस युरोच्या आसपास असलेला दर २०२२च्या ऑगस्टमध्ये तीनशे युरोच्या वर गेला.

सर्वांत आधी स्पर्धा आणणाऱ्या ब्रिटनमध्ये वेगळाच तमाशा झाला. तिथे फारसे भांडवल नसलेल्या अनेक छोट्या कंपन्या गॅस व वीजविक्रीत उतरल्या होत्या. गिऱ्हाइकाला ठरावीक दराचे वचन द्यायचे आणि माल रोजच्या भावाने घ्यायचा, असा कित्येकांचा कारभार. भाव चढताच २०२१ आणि २०२२ या काळात जवळजवळ तीस कंपन्या बुडाल्या. त्यांचे गिऱ्हाईक दुसऱ्या कंपन्यांकडे वळवण्याचा खर्च अखेर सर्व घरांच्या बिलात चढला. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांच्या हिशेबाने तो प्रत्येक घरामागे सुमारे ९४ पौंड होता. स्वस्त देणारा दुकानदार उद्या दुकान उघडेल का, हे न पाहता सौदा केला तर काय होते याचा हा धडा.

जर्मनीत युनिपर ही रशियन वायूची मोठी खरेदीदार कंपनी बुडण्याच्या बेतात आली तेव्हा सरकारला ती जवळजवळ पूर्ण विकत घ्यावी लागली. इटलीत मोडेनाजवळचा सासुओलो हा टाईल्सचा प्रसिद्ध पट्टा. तिथल्या कित्येक कारखान्यांनी २०२२च्या मार्चमध्ये भट्ट्या थांबवल्या. मुरानोला सरकारी मदत मिळाली, कोणी भट्ट्यांची संख्या कमी केली, कोणी कमी दिवस काम केले.

युरोप त्यातून सावरला, पण तो केवळ बाजाराच्या जोरावर नव्हे. कोठारे भरण्याचे बंधन घातले गेले, वायू एकत्र खरेदी करण्याची व्यवस्था झाली, जर्मनीने विल्हेल्म्सहाफेन येथे द्रवरूप वायू उतरवण्याचा धक्का काही महिन्यांत उभा केला आणि त्या हिवाळ्यात वापर सुमारे १८ टक्क्यांनी घटवला गेला. इटलीसाठी रशियाच्या जागी अल्जीरिया सर्वांत मोठा पुरवठादार झाला. मात्र हेही सांगितले पाहिजे की एका देशाने दुसऱ्याशी व्यवहार देखील तसाच केला, जसा प्रत्येक दमडीवाला करतो: ज्याच्याकडे पैसा जास्त, त्याच्याकडे जहाज वळले.

स्वच्छ इंधनाचा हिशेब

बाजार खुला करणाऱ्यांनी आणखी एक आशा दाखवली होती. वायू स्वस्त झाला की कोळसा मागे पडेल आणि हवा सुधारेल. ती काही अंशी खरी ठरली. वीज तयार करताना कोळशापेक्षा नैसर्गिक वायूतून कर्बवायू साधारण निम्माच निघतो. काजळी आणि गंधकाचा धूर तर फारच कमी. युरोपात वीजकेंद्रांत वायू जाळण्यावर १९७५पासून निर्बंध होता. तो १९९१ साली उठला. १९९०च्या सुमारास ब्रिटनची जवळजवळ दोन तृतीयांश वीज कोळशाची होती, दहा वर्षांत ती एक तृतीयांशावर आली. पुढे वाऱ्याची वीज वाढली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनचे शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले.

पण केवळ स्पर्धेने हे घडले असे म्हणणे अर्धसत्य होईल. बाजाराला स्वस्त आणि महाग एवढेच कळते, स्वच्छ आणि घाण कळत नाही. धुरावर किंमत लावावी लागली, म्हणून २००५ साली युरोपने कर्बवायूच्या परवान्यांचा बाजार सुरू केला. शिवाय वायूचे स्वतःचेही एक पाप आहे. तो जळण्याआधी गळला तर त्यातील मिथेन हवेत जातो आणि वीस वर्षांच्या हिशेबाने मिथेन कर्बवायूच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. गळकी वाहिनी असेल तर कोळशावरचा फायदा वाटेतच संपतो. म्हणून २०२४ साली युरोपीय संघाने गळती शोधून दुरुस्त करण्याची सक्ती करणारा कायदा केला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने साध्या खनिज वायूचे दीर्घ मुदतीचे करार २०४९च्या पुढे करायला मनाई केली आणि शेण, कचरा, शेतमालाचे अवशेष यांपासून बनलेल्या वायूला वाहिनीत सुलभ प्रवेश दिला. डेन्मार्कमध्ये आज वाहिनीतील वायूपैकी सुमारे ४० टक्के वायू असा शेणाचा आणि कचऱ्याचा आहे. गोठ्यातला माल वाहिनीत शिरू शकला, कारण नाका आता दुकानदाराच्या हाती नव्हता.

ज्या ग्रोनिंगेनपासून ही कथा सुरू झाली, तिथे वायू उपसल्यामुळे जमीन हादरू लागली होती. घरांच्या भिंती तडकल्या. २०१२ साली हुइझिंगे गावाला ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. अखेर १ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथला उपसा थांबवण्यात आला. स्वस्त इंधनाची किंमत कोणीतरी, कुठेतरी मोजतच असतो.

आपल्या भट्टीशी संबंध काय?

वाचक म्हणतील, हे सारे युरोपचे, आपल्याला काय त्याचे? संबंध सरळ आहे. २०२२ साली युरोपने वाट्टेल तो भाव देऊन द्रवरूप वायूची जहाजे आपल्याकडे वळवली. त्या जुलैमध्ये पाकिस्तानने वायूखरेदीची निविदा काढली तर एकही विक्रेता पुढे आला नाही. बांगलादेशाने महाग वायू घेणे थांबवले आणि तिथे ठरवून वीजकपात सुरू झाली. आपल्या गेल या सरकारी कंपनीने २०१२ साली गाझप्रॉमच्या सिंगापूर येथील शाखेशी वीस वर्षांचा करार केला होता. जर्मन सरकारने २०२२च्या एप्रिलमध्ये गाझप्रॉमची जर्मनीतील कंपनी ताब्यात घेतली. त्या कंपनीखालीच ही शाखा होती. त्यानंतर करारातली जहाजे भारतात यायची थांबली आणि गेलला आपल्या गिऱ्हाइकांचा पुरवठा कमी करावा लागला. भरपाईची तडजोड २०२५च्या जानेवारीत झाली. पण त्या वर्षी ज्याची भट्टी थंडावली त्याच्या हाती त्यातले काय आले?

आपल्याकडे भट्ट्या गॅसकडे वळवण्याचे आदेश वारंवार येत असतात. ताजमहालाला धुराचा धोका नको म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या डिसेंबरमध्ये निकाल दिला आणि फिरोजाबादच्या काचभट्ट्या कोळशाकडून गॅसकडे वळल्या. मुंबईत २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याबाबत आदेश दिला. पावाच्या या धंद्यात आपले कितीतरी बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. धूर कमी व्हावा याबद्दल दुमत नाही. त्या धुरात सर्वांत आधी भट्टीपुढे उभ्या असलेल्या कारागिराचेच फुप्फुस जळते. परंतु लाकडाची वखार बदलता येते, गॅसची वाहिनी बदलता येत नाही. आपल्याकडे शहरी गॅसवाटपात एका भागासाठी एकाच कंपनीला काही वर्षांचा एकाधिकार दिला जातो. मुदत संपल्यावर वाहिनी इतरांनाही खुली करण्याची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात कशी उतरते यावर पुढचे सारे अवलंबून राहील. मुंबईत १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी उभी राहिली तेव्हा तिची एक भागीदार हीच ब्रिटिश गॅस होती, जिची मक्तेदारी तिकडे त्याच सुमारास मोडली जात होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. देशातला स्वस्त वायू आधी घरगुती स्वयंपाकाला आणि वाहनांना दिला जातो. बेकरी, कारखाना यांना मिळणाऱ्या वायूत परदेशातून आलेल्या महाग वायूचा हिस्सा मोठा असतो. म्हणजे टीटीएफवर भाव चढला की त्याची झळ दोन-चार महिन्यांत आपल्या बिलालाही लागू शकते.

तेव्हा गॅसच्या अर्जावर सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारून घ्यावेत असे आम्हाला वाटते. दर कशाला बांधला आहे, तेलाला, परदेशी बाजाराला की ठरावीक आकड्याला? तो किती दिवसांनी बदलणार? कमीत कमी अमुक गॅस जाळलाच पाहिजे अशी अट आहे काय? रमजानच्या दिवसांत किंवा पावसाळ्यात काम कमी झाले तर त्या अटीचे काय? पुरवठा तुटला तर भरपाई मिळणार काय, आणि भट्टी दुसऱ्या इंधनावर चालवण्याची सोय ठेवता येईल काय?

एकट्या कारागिराला ही उत्तरे मिळवणे जड जाईल. म्हणून संघटनेमार्फत, एकत्र बोलणी करावीत. मुरानोच्या कारागिरांनी तेच केले होते आणि ते योग्यच होते. त्यांची अडचण अशी झाली की सर्वांचा करार एकाच दिवशी संपला आणि तो दिवस नेमका महागाईचा निघाला. आपण एकत्र घ्यावे, पण गरजेचे दोन-तीन भाग करून त्यांच्या मुदती वेगवेगळ्या ठेवाव्यात. सगळी अंडी एका टोपलीत कोणताही शहाणा बागवान ठेवत नाही, मग सगळे इंधन एका तारखेवर का ठेवावे?

युरोपला नाका आणि दुकान वेगळे करायला १९९८पासून अकरा वर्षे आणि तीन कायदे लागले, आणि कोठाराची किल्ली विसरल्याची किंमत त्याने २०२२ साली मोजली. आपल्याकडे वाहिन्या अजून टाकल्या जात आहेत, करार अजून लिहिले जात आहेत. प्रश्न विचारण्याची वेळ हीच आहे. व्यापारी आणि कारागीर बांधवांनी आपापल्या शहरातील बैठकीत हा विषय जरूर घ्यावा.